रोखलेली बंदूक, झाडलेली बंदूक

ऐतिहासिक नाटक-चित्रपटांतील शस्त्रांची चर्चा आपल्याकडे बहुधा कालविपर्यासापाशीच थांबते. बंदूक त्या काळातली आहे की नाही, एवढेच तपासले जाते. सर्गेई आयझेन्स्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’ (१९२५) या सोव्हिएत चित्रपटाला ही कसोटी लावल्यास हाती फारसे काही लागत नाही. १९०५ च्या उठावाच्या वेळी झारच्या सैन्याकडे असलेली १८९१ ची मोसिन रायफल चित्रीकरणाच्या काळात लाल सेनेच्याही वापरात होती. वस्तू तीच राहिली, ती धरणारी सत्ता बदलली. तेव्हा त्या बंदुकीचा अर्थ तिच्या अस्सलपणापेक्षा दृश्यरचनेत शोधावा लागतो.

रंगमंचावरील निर्जीव वस्तू प्रसंगी कृतीची कर्ती बनते व माणूस वस्तूवत होतो, असे प्राग संप्रदायातील यिर्झी वेल्त्रुस्की यांनी १९४० मध्ये प्रतिपादिले होते. ओडेसाच्या पायऱ्यांवरील गोळीबार हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे शिपायांचे अस्तित्व बूट, संगिनी आणि सरळ रांग एवढेच उरते. परंतु त्याआधी जहाजाच्या डेकवर, ताडपत्रीखाली झाकलेल्या खलाशांवर बंदुका रोखल्या जातात, तेव्हा रचना वेगळी आहे. वाकुलिन्चुक बंदूकधाऱ्यांना बंधू म्हणून साद घालतो, त्यांची चलबिचल दिसते आणि नळ्या खाली येतात. दाखवलेली बंदूक पुढे झाडली गेलीच पाहिजे, या चेखॉव यांच्या नावाने रूढ झालेल्या संकेताला येथे छेद जातो. न झाडलेली बंदूकच कथानकाला वळण देते. गाजले ते पायऱ्यांवरील दृश्य; नाट्यदृष्ट्या अधिक अवघड आहे ते डेकवरचे.

बेचाळीसच्या आंदोलनातील वडूजचा विचार करताना हा भेद केवळ शैलीचा राहत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील या गावी कचेरीवर निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. मोर्चाचे नेते परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. या घटनेवर नाट्यरचना करू पाहणाऱ्यापुढे पायऱ्यांचा नमुना सहज उभा राहील, कारण त्याचा परिणाम हमखास आहे. परंतु त्यात मारणारा यंत्र ठरतो, आणि यंत्राला जाब विचारता येत नाही. मरणारेही बहुतांशी अनामिक राहतात. आयझेन्स्टाइन यांना ते खपले, कारण ओडेसात गोळीबार झाला असला तरी पायऱ्यांवरील कत्तल, जशी दिसते तशी, त्यांची निर्मिती होती. वडूजच्या नऊ जणांना मात्र नावे आहेत, गावे आहेत.

वडूजला बंदुका खाली आल्या नाहीत. हे वास्तव बदलण्याचा अधिकार लेखकाला नाही. त्या खाली येऊ शकल्या असत्या, एवढे मात्र तो दाखवू शकतो. त्यासाठी हुकूम सुटणे आणि चाप ओढला जाणे यांमधील क्षणात बंदुकीमागचा चेहरा प्रेक्षकाला दिसला पाहिजे. ते साधले तर नटाच्या हातातील बंदूक लाकडाची की पोलादाची, हा प्रश्न दुय्यम ठरतो.