उचल्या : कुणी काय उचललं?

मागल्या बैठकीत एका पोराच्या कवितेवर वाद पेटला. ओळी कुणाच्या तरी वाटत होत्या. मी ताडकन बोललो, ‘हा उचल्या आहे!’ सगळे हसले. तो हसला नाही. मागनं कळलं, त्याचा पणजा सोलापूरच्या सेटलमेंटात काटेरी तारेआड हजेरी देत जगला.

तेव्हापासून हा शब्द माझ्या घशात अडकलाय.

उचल्या म्हणजे नजर चुकवून वस्तू लांबवणारा. कृतीवरून पडलेलं नाव. पण आपल्याकडं असं नाव जमातीला चिकटतं, अन् ज्यानं कधी काडी उचलली नाही त्यालाही सुटत नाही. भामटा हेही तसंच. जमात भामटा, अन् फसवणाराही भामटा. इंग्रजांनी १८७१ साली याच्यावर कायद्याचा शिक्का मारला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. जन्म हाच गुन्हा. सोलापूर सेटलमेंटातल्या बायाबाप्यांनी तिथल्या गिरण्यांत घाम गाळला. हात सूत काढत होते, नाव मात्र चोराचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. शब्द कुठं गेला?

लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली हीच शिवी स्वतःच्या पुस्तकाच्या कपाळावर लिहिली. १९८८ ला साहित्य अकादमीनं त्याला पुरस्कार दिला. ज्यानं शिवी सोसली त्याच्या तोंडी ती हत्यार होते. माझ्या तोंडी ती पुन्हा शिवीच. नुसतं मुखपृष्ठ वाचणाऱ्याला त्यात माणूस दिसत नाही, चोर दिसतो.

अन् हे क्रियापद तरी बघा. पोलीस मध्यरात्री वस्तीतलं पोरगं उचलतात, त्यांना कुणी उचल्या म्हणत नाही. मुकादम ऊसतोड्याला उचल देतो अन् हंगामभर त्याचं अंग गहाण ठेवून घेतो, तो शेठ. प्राध्यापकानं परक्या पुस्तकातनं पानं घेतली तर तो ‘प्रभाव’. आमच्या पोरानं चार शब्द घेतले की उचलेगिरी. म्हणजे उचलणं महत्त्वाचं नाही, कोण उचलतो ते महत्त्वाचं.

मी त्या पोराची माफी मागितली. कोपऱ्यात नाही, भर बैठकीत. ओळी सारख्या असतील तर दोन्ही कविता समोर ठेवू, बोट ठेवून दाखवू. ती समीक्षा. जात काढणं ही समीक्षा नाही.

दोस्तहो, जन्मानं कपाळी मारलेलं नाव पुसायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. तेच आपण शेजारच्याच्या कपाळी मारायचं असेल, तर जयभीम कुठल्या तोंडानं म्हणायचं?