‘पूर्वापार’ आणि ‘इसवी सनपूर्व’

आपल्या व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून ‘ख्रिस्तपूर्व’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ‘ख्रिस्तपूर्व काळापासून आम्ही अस्पृश्य आहोत,’ असे वक्ता म्हणतो आणि टाळ्या पडतात. पण ख्रिस्तपूर्व म्हणजे केव्हा? बुद्धाच्या आधी की अशोकाच्या नंतर? वक्त्याला एवढेच सुचवायचे असते की फार जुन्या काळापासून, म्हणजे ‘पूर्वापार’. ज्या शब्दाने ‘पूर्वापार’ला जाब विचारायचा, तोच आपण त्याच्या दावणीला बांधतो.

‘पूर्वापार’ला साल नसते. ज्याला साल नाही त्याला आरंभ नाही, आणि ज्याला आरंभ नाही त्याचा अंत तरी कसा मागायचा? सनातन्यांची सारी मदार या बिनतारखेच्या काळावर आहे.

कात्रपचेच पाहा. एका अंगाला अंबरनाथ, दुसऱ्या अंगाला कर्जतजवळचे कोंडाणे. अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे लोक सांगतात; मंदिरातला शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० सांगतो. कोंडाण्याच्या बौद्ध लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. साल नाही, पण लेण्याची घडण आणि अक्षरांचे वळण पाहून अभ्यासक ते इ.स.पू. दुसऱ्या ते पहिल्या शतकातले मानतात. दोहोंमध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. ‘पांडवकालीन’ हा शब्द ते अंतर गिळून टाकतो. नाशिकला तर बौद्ध लेण्यांचे नावच ‘पांडवलेणी’ पडले! भिक्षू गेले, दान देणारे गेले, पांडव राहिले.

आमचा इतिहास येशूच्या जन्मावरून का मोजायचा, असा आक्षेप काही तरुण मित्र घेतात. तो गैर नाही. ही गणना सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या ख्रिस्ती साधूने बसवली. ‘इसवी’ आणि ‘सन’ हे शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आले. कोणाला ‘सामान्य युगापूर्वी’ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, आकडा तोच राहतो. अशोक स्वतः आपल्या राज्याभिषेकापासून वर्षे मोजत होता. पण तेराव्या शिलालेखात त्याने पाच यवन राजांची नावे घातली, त्यांचा काळ ठाऊक होता, म्हणून अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकात पक्का बसला. पुराणांच्या युगगणनेतून तो बाहेर आला तो असा.

मोजताना मात्र जपावे. या गणनेत शून्य साल नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. परिनिर्वाणाचे परंपरागत साल इ.स.पू. ५४४ हे पहिले वर्ष धरले, तर २५०० वे वर्ष १९५६ मध्ये येते. श्रीलंकेत तसेच धरले. थायलंडमध्ये सरलेली वर्षे मोजतात, म्हणून तिथे ते १९५७ मध्ये आले. शिक्षकांनी फळ्यावर हा हिशेब एकदा करून दाखवावा.

बाबासाहेबांनी या मोजपट्टीचे काय केले ते आता पाहू. पुष्यमित्राचे बंड इ.स.पू. १८५, त्यानंतर मनुस्मृती, हा क्रम त्यांनी लावला, म्हणून ‘प्रतिक्रांती’ हा शब्द त्यांना वापरता आला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये ते आणखी पुढे गेले: अपवित्रता वेगळी, अस्पृश्यता वेगळी, आणि अस्पृश्यतेचा जन्म इ.स. ४०० च्या सुमाराचा. इसवी सनाआधी नव्हे, नंतर. तेव्हा ‘ख्रिस्तपूर्व काळापासून अस्पृश्य’ म्हणणारा वक्ता बाबासाहेबांचा जयजयकार करून त्यांचाच सिद्धांत नकळत खोडत असतो. हे साल सर्व इतिहासकारांना मान्य नाही. काहींना अस्पृश्यतेच्या खुणा त्याआधीच्या ग्रंथांत दिसतात. त्यांच्याशी पुराव्याने भांडता येते, कारण बाबासाहेबांनी साल दिले आहे. ‘पूर्वापार’शी भांडायचे कसे?