बबड्या आणि ताटाखालचं मांजर

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन विनोद जोडीने फिरत होते. एक बबड्याचा आणि दुसरा भांडी घासणाऱ्या नवऱ्याचा. बबड्या म्हणजे झी मराठीवरच्या ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेतला सोहम. शिकलेला, लग्न झालेला, तरीही आईने हातात आणून दिल्याशिवाय ज्याचं पान हलत नाही असा मुलगा. दुसऱ्या विनोदात कामवाल्या मावशी येणं बंद झालेलं असायचं, नवरा ओट्याशी उभा असायचा आणि बायको सोफ्यावर बसून ‘कढई मागून पण घास’ असं सांगत असायची.

पहिल्या विनोदात पुरुष काम करत नाही म्हणून आपण हसत होतो. दुसऱ्यात तो काम करतो म्हणून हसत होतो. बऱ्याचदा दोन्ही फॉरवर्ड एकाच माणसाकडून, एकाच दिवशी यायचे. मग लोकांनी हसू नये असं वाटत असेल तर या पुरुषाने घरात नेमकं करायचं तरी काय?

माध्यमं आणि स्त्री-पुरुष भूमिका हा विषय निघाला की आपण लगेच पडद्यावरची बाई तपासायला घेतो. ती रडते का, सोसते का, तिला नोकरी आहे का, ती किती बोलते. हे सगळं तपासायलाच हवं. पण मला गेली काही वर्षं वाटतंय की मराठी पडद्यावरची बाई बऱ्यापैकी हलली आहे. जागचा हलला नाही तो तिच्या समोर बसलेला, ताटाची वाट बघणारा पुरुष. त्याच्याकडे आपण समीक्षक म्हणूनही फारसं बघितलेलं नाही.

आधी बाई किती हलली ते बघू. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल यांनी रंगवलेली सोशिक सून बघायला बायका थिएटरात गेल्या आणि ओल्या पदराने बाहेर आल्या. त्यानंतर पंचवीस वर्षांनी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. तिच्यातली राधिका रडत बसली नाही, तिने मसाल्यांचा उद्योग उभा केला. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीने मोठी मुलं असताना घटस्फोट घेतला, गाणं पुन्हा सुरू केलं, दुसरं लग्न केलं. खुद्द ‘अग्गंबाई सासूबाई’त सून आपल्या विधवा सासूचं लग्न लावून देते. संध्याकाळी सातच्या पुढे, देवापाशी दिवा लागलेल्या घरात, आजी-आजोबांसमोर या गोष्टी रोज दिसत होत्या. याला बदल म्हणायचं नाही असा हट्ट मी धरणार नाही.

मालिकांना नाक मुरडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातल्या खेड्यांमध्ये केबल टीव्ही पोचल्यावर काय बदलतं, हे त्यांनी पाहिलं. गोव्यासह पाच राज्यांमधली ही माहिती होती. केबल आल्यानंतर त्या गावांतल्या बायकांमध्ये नवऱ्याने मारणं योग्य मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचं प्रमाण वाढलं. ज्या सासू-सुनांच्या मालिकांची आपण टिंगल करतो, त्या काळात केबलवर तशाच मालिका जोरात होत्या.

म्हणजे पडदा माणसं बदलतो, हे खरं आहे. पण त्या अभ्यासातले प्रश्न बायकांना विचारलेले होते. मालिकाही बायकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या जातात, जाहिराती त्यांच्यासाठी असतात, टीआरपीचं गणित त्यांच्यावर मांडलेलं असतं. त्यामुळे मालिकेतला पुरुष हा माणूस म्हणून लिहिलाच जात नाही. नायिकेच्या वाटेत तो काय होऊन येतो, एवढंच ठरतं. छळायला खलनायक हवा, सांभाळायला बाळ हवं, शेवटी भेटायला स्वप्नातला राजकुमार हवा. घरात राहणारा, घराची जबाबदारी असलेला मोठा माणूस या तिन्ही साच्यांत बसत नाही.

खलनायक नवऱ्याचं बघा. ‘आई कुठे काय करते’ हे नाव किती नेमकं आहे. घरात बाई करते त्या कामाला काम न म्हणण्याची आपली सवय त्या चार शब्दांत पकडलेली आहे. पण मालिका त्या प्रश्नापाशी थांबते कुठे? अनिरुद्धचं संजनाशी प्रकरण आहे हे कळलं, की प्रेक्षकांचा सगळा राग त्या प्रकरणावर जातो. राधिकाच्या गुरुनाथचंही तेच. लफडं हा इतका मोठा गुन्हा ठरतो, की त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं त्याने जेवलेलं ताट उचललं नाही ही गोष्ट फुटकळ वाटायला लागते. आणि टीव्हीसमोर बसलेला सज्जन नवरा सुटतो. ‘मी काय असला आहे का?’ असं तो म्हणू शकतो. खरंच तो तसला नसतो. त्याचं कुठेच काही नसतं, फक्त बेसिनमध्ये ताट असतं.

‘द ग्रेट इंडियन किचन’ हा २०२१ चा मल्याळम सिनेमा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या नवऱ्याचं लफडं नाही. सासरा गोड बोलतो. फक्त त्याला भात चुलीवरचा लागतो आणि कपडे मशीनमध्ये धुतलेले चालत नाहीत. सिंकखालचा पाइप गळत राहतो आणि प्लंबरला फोन करायचं नवऱ्याच्या लक्षात राहत नाही. दिग्दर्शक जिओ बेबी कॅमेरा भाजी चिरण्यावर, खरकट्यावर, पुसण्यावर ठेवतो. आपल्या मालिकांमधलं स्वयंपाकघर आठवून बघा. तिथे कट शिजतात, कानगोष्टी होतात, चहाचे कप ट्रेमधून बाहेर जातात. पण परत आलेले कप कोण विसळतं ते दिसत नाही. जे काम पडद्यावर दिसतच नाही, ते पुरुषाने केलं नाही हेही मग दिसत नाही.

आता बाळाकडे येऊ. बबड्या खूप गाजला आणि त्याचं विशेषनामाचं सामान्यनाम झालं. आजही ‘अगदी बबड्या आहे’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. भाषेला असा नवा शब्द मिळणं ही मालिकेची कमाईच आहे. माझा आक्षेप या शब्दाच्या रोखावर आहे. बबड्यावर चिडलेले लोक शेवटी चिडायचे ते आसावरीवर. ‘तिनेच लाडावून ठेवलाय.’ म्हणजे तिशीकडे झुकलेल्या माणसाच्या वागण्याची जबाबदारीही पुन्हा आईकडे. त्याची कामं तिने करायची आणि तो करत नाही याचा दोषही तिनेच घ्यायचा. बबड्या हा शब्द टोमण्यासारखा दिसतो खरा, पण त्यात सूट लपलेली आहे. बाळावर कोण जबाबदारी टाकतं?

पुढच्या भागात, ‘अग्गंबाई सूनबाई’त, हे आणखी उघडं पडलं. सासू आसावरी ऑफिसात गेली आणि आधीची ठाम, बोलकी शुभ्रा घरात, दबलेली दिसायला लागली. एक बाई उंबरठ्याबाहेर पडली तर दुसरीने आत यायचं, असा जणू नियमच. सोहमच्या वाट्याला काम आलं नाही ते नाहीच. शिवाय घरात आता एक छोटा बबडू होता. लेखकांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण हे नाव ऐकून मला हसू आलं नाही.

बबड्याच्या समोर भाषेने दुसरा शब्द आधीपासूनच उभा केलेला आहे: बायकोच्या ताटाखालचं मांजर. बायकोचं ऐकणाऱ्या, तिच्याबरोबर ओट्याशी उभं राहणाऱ्या पुरुषासाठी तो हमखास वापरला जातो. मला गंमत वाटते ती ही, की या दोन्ही चित्रांमध्ये पुरुष खायला बसलेला आहे. एकात आई भरवते, दुसऱ्यात बायकोच्या ताटातलं काही खाली पडेल याची तो वाट बघतो. ताट वाढणारा पुरुष या दोन्हींत नाही.

कुणी म्हणेल, पुरुष स्वयंपाक करताना आपण टीव्हीवर किती वर्षं बघतोय! बरोबर आहे. संजीव कपूर १९९३ पासून घराघरांत आहेत. विष्णू मनोहर यांना मराठी प्रेक्षक आवडीने बघतात. ‘अग्गंबाई सासूबाई’तले अभिजित राजे तर शेफच आहेत. यांना कुणी मांजर म्हणत नाही. म्हणजे लाज झाऱ्याची किंवा कढईची नाही. अंगात शेफचा कोट असेल, हातात कला असेल, समोर कॅमेरा असेल, तर पुरुषाचा स्वयंपाक मानाचा. रोजचा, बिनपगारी, कुणी टाळ्या न वाजवणारा वरण-भात लावला की तोच माणूस विनोदाचा विषय होतो.

मोठ्या पडद्याने हे बदललं का? ‘सैराट’ आला तेव्हा आपण सगळे आर्चीबद्दल बोललो. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, डोळ्याला डोळा भिडवते. पण नागराज मंजुळे यांनी हैदराबादच्या भागात परश्याचंही काहीतरी मांडून ठेवलं आहे. तो डोशाच्या टपरीवर काम करतो, आर्चीला जपतो, आणि तरीही तिच्या कामाच्या ठिकाणच्या ओळखींवरून त्याच्या डोक्यात संशय शिरतो, हात उठतो. इतका मऊ, कविता करणारा मुलगा या जागी कसा पोचला, यावर बोलायला हवं होतं. आपण आर्चीच्या बुलेटचे पोस्टर लावले आणि परश्याचा तो भाग विसरून गेलो.

त्याहून जुनं उदाहरण जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’चं, १९८२ सालचं. स्मिता पाटील यांची सुलभा महिला सुधारगृहात नोकरीसाठी घर सोडून जाते आणि परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते. गिरीश कार्नाड यांनी केलेला हा नवरा वकील आहे, सभ्य आहे, खोटंही बोलत नाही. फक्त, बायको नसलेलं घर आपण चालवायचं असतं हे त्याच्या गावीच नाही. लेकीला जाऊ सांभाळते. सुलभाच्या जाण्यावर आपण चाळीस वर्षं चर्चा केली. तिच्या नवऱ्याला काय यायला हवं होतं, याची चर्चा राहूनच गेली.

हे सगळं मला आत्ता टोचतं, कारण सध्या माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. ‘मुलगा खूप चांगला आहे गं, बायकोला मदत करणारा आहे,’ असं माझी मावशी फोनवर सांगते. तिला खरंच माझं भलं हवंय. पण ‘मदत’ हा शब्द मला अडवतो. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. म्हणजे लग्न व्हायच्या आधीच, मी अजून न पाहिलेल्या घरातलं काम माझ्या नावावर चढलेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि हे ९७ सुद्धा जे करतात त्यांचे. असं काम करणारे पुरुष होते फक्त २६.१ टक्के, बायका ८१.२ टक्के. चारातल्या जवळजवळ तीन पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावलेला नव्हता. ते सगळे खलनायक नसणार. बहुतेक जण चांगलेच असतील, कुणाच्या तरी मावशीने शिफारस करावी असे.

यावर ‘मुलांना शिकवलंच नाही, त्यांना काय कळणार’ असं उत्तर मिळतं. ते मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्या फोनमध्येच आहे. आपल्या वयाची मुलं डोक्यावरून टॉवेल घेऊन आईची नक्कल करतात, ते रील्स बघा. केर काढताना आई पाय कसे उचलायला लावते, डबा परत आला नाही की काय बोलते, पाहुणे येणार म्हटल्यावर कुठल्या क्रमाने घर आवरते, दुधाखालचा गॅस बंद करायला कुठून ओरडते. सगळं हुबेहूब. मी पोट धरून हसते त्या रील्सना. पण ते बघताना लक्षात येतं की या मुलाला काम नीट माहीत आहे. त्याने वीस वर्षं ते बारकाईने पाहिलंय. त्याला फक्त ते आपलं वाटत नाही. टॉवेल डोक्यावर असेपर्यंत तो आई असतो. टॉवेल काढला की पुन्हा बबड्या.

पडदा काय करू शकतो हे आपण पाहिलं आहे. त्याने सासूचं लग्न लावून दाखवलं आणि घरांनी ते पचवलं. तेव्हा मला पुढच्या मालिकेत एक छोटा प्रसंग हवा आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेत. घरातली निजानीज झाली आहे. नवरा स्वयंपाकघरात येतो, डबा उघडतो, उद्याच्या उसळीसाठी वाटीभर हरभरे भिजत घालतो, दिवा मालवतो आणि झोपायला जातो. कुणी त्याला सांगितलेलं नाही. बायको दारात उभी राहून डोळे पुसत नाही. आई ‘माझं बाळ ते’ म्हणत नाही. मागे बासरी वाजत नाही. आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही त्याचं मीम करावंसं वाटत नाही.