ख्रिस्तपुराणाचे ईश्वरशास्त्रीय वाचन : एक चिकित्सा

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीच्या अभ्यासक्रमात येते ते बहुधा एकाच निमित्ताने. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या काही ओव्या विद्यार्थ्यांना उतरवून दिल्या जातात, एका इंग्रज जेझुइटाने मराठीवर प्रेम केले म्हणून त्याचे कौतुक होते आणि तास संपतो. ग्रंथात एकूण १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ 'अवस्वरू', म्हणजे अध्याय. पहिल्याचा विषय जुना करार, दुसऱ्याचा ख्रिस्तचरित्र. भाषास्तुतीच्या त्या ओव्या वगळल्या तर उरलेला सारा ग्रंथ ईश्वरशास्त्राचा आहे, आणि नेमका तोच भाग साहित्याचे प्राध्यापक ओलांडून पुढे जातात.

ही उणीव भरून काढण्याचे काम कॅथलिक तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांच्या अभ्यासकांनी केले, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. नाशिकच्या 'दिव्यदान' या सलेशियन तत्त्वज्ञानसंस्थेतील फादर नेल्सन फाल्काव यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. २००३ साली त्यांचा या पुराणावरील इंग्रजी प्रबंध ग्रंथरूपाने आला, २००९ मध्ये आधुनिक मराठी रूपांतर आणि २०१२ मध्ये इंग्रजी अनुवाद. एका माणसाच्या हातून एका ग्रंथासाठी एवढे काम होणे मराठीत विरळाच.

या वाचनाचा खरा लाभ शब्दांच्या बाबतीत होतो. स्टीफन्स स्वर्गाला सरळ 'वैकुंठ' म्हणतात. मुक्ती, पाप, पुण्य हे शब्दही निःशंकपणे वापरतात. पवित्र आत्म्याची वेळ आली की मात्र ते 'स्पिरितु सांतु' असा मूळ शब्दच ठेवतात. भाषेच्या प्राध्यापकाला ही सरमिसळ वाटेल. ईश्वरशास्त्राच्या अंगाने पाहिले तर तिच्यामागे हिशोब दिसतो. वैकुंठ हे स्थळ आहे. तेथे कोण राहतो हे नव्याने सांगता येते. 'आत्मा' या शब्दामागे मात्र वेदान्ताचा सगळा संसार उभा असतो. तो शब्द त्रैक्याच्या सिद्धान्तात घेतला तर श्रोता भलतेच समजण्याचा धोका होता. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात याच जागी संस्कृत शब्द आढळतात. म्हणजे हा पेच स्टीफन्स यांच्या काळातील वा नंतरच्या कोणा लेखनकर्त्यालाही जाणवला होता आणि त्याने तो वेगळ्या रीतीने सोडवला. 'अल्लाह'साठी मराठीत 'ईश्वर' लिहावे की नाही, या प्रश्नाशी झगडलेल्या शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १६४५ मध्ये 'योगसंग्राम' रचणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना हा पेच इतका पडला नाही, कारण ते त्या परिभाषेत आतूनच बोलत होते.

मात्र फाल्काव यांच्या प्रबंधाच्या शीर्षकातच एक अडचण आहे. पुराणाला ते ख्रिस्ती व हिंदू यांची 'भेट' म्हणतात आणि ती सांस्कृतिकीकरणाच्या चौकटीत पाहतात. ही संज्ञा कॅथलिक जगात रूढ झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, मुख्यतः १९७० च्या दशकात. सोळाव्या-सतराव्या शतकातील सासष्टीला ती लावताना फार जपले पाहिजे. सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. स्टीफन्स गोव्यात उतरले १५७९ मध्ये. पुराणात नवख्रिस्ती श्रोता पाद्रीकडे आपल्याला वाचायला काही पुराणे द्या असे मागणे करतो. पण त्याची जुनी पुराणे का उरली नव्हती, हा प्रश्न त्या संवादात बसत नाही. प्रश्न एकाने विचारायचे आणि निर्णायक उत्तर दुसऱ्यानेच द्यायचे, अशा संभाषणाला भेट म्हणणे उदारपणाचे आहे, पण अचूक नाही. स्टीफन्स यांच्या सहृदयतेबद्दल येथे शंका नाही. आजच्या शब्दाने कालच्या परिस्थितीवर पांघरूण पडू नये, एवढाच आक्षेप आहे.

हा आक्षेप केवळ पुस्तकी नाही. डिचोली तालुक्यातील लाटंबार्से गावाचा विचार करावा. हा गाव महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्याला लागून आहे, आणि हा भाग पोर्तुगीज अमलाखाली गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे पुराण रचले गेल्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळाने. याच तालुक्यात नार्वे येथे दिवाडी बेटावरून हलवलेला सप्तकोटेश्वर आहे. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. भजन-कीर्तनाची मराठी येथे घरोघरची. उलट ज्या सासष्टीसाठी ग्रंथ रचला गेला, तेथील ख्रिस्ती समाजाची प्रार्थना आज कोकणीत, पुष्कळदा रोमन लिपीत होते. परिणामी स्टीफन्स यांची ओवी सासष्टीच्या वाचकापेक्षा लाटंबार्शाच्या वाचकाला अधिक लवकर उमजते. ग्रंथाची श्रद्धा एका तालुक्यात राहिली आणि त्याची भाषा दुसऱ्या तालुक्यात.

तेव्हा मराठी आवृत्ती काढणाऱ्याने आपला वाचक कोण हे आधी ठरवले पाहिजे. वसई-नाशिकच्या मराठी कॅथलिकांना धर्मार्थ हवा. तो या अभ्यासकांनी भरपूर दिला आहे. डिचोली-पेडण्याच्या वाचकाला त्याबरोबर दोन गोष्टी लागतील. एक, परिभाषेचा कोश, ज्यात प्रत्येक शब्द स्टीफन्स यांनी का घेतला वा का टाळला हे नोंदवलेले असेल. दुसरी, १५६७ च्या आसपासचा इतिहास, आणि तोही परिशिष्टात ढकललेला नव्हे. ज्याच्या तालुक्यात हलवलेला देव आहे, त्याला मूर्तिपूजेवरील टीकेच्या ओव्या टीपेशिवाय वाचायला देणे रास्त नाही, आणि त्या गाळून देणे तर त्याहून गैर.

लिपीचा मुद्दाही याच संदर्भात पाहावा. १६१६ ची पहिली छापील आवृत्ती आणि नंतरच्या १६४९ व १६५४ च्या आवृत्त्या रोमन लिपीत निघाल्या. त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच होती. येथील लिपीत छापण्याची परवानगी स्टीफन्स यांनी १६०८ मध्येच रोमकडे मागितली होती. संपूर्ण पुराण देवनागरीत छापले गेले ते शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, पुण्यात, १९५६ साली.