बहिणाबाईंचा संसार आणि परमार्थ

संसार सोडल्यावांचून परमार्थ साधत नाहीं, हें मत आपल्याकडे जुनें आहे. आणि संसारांत राहूनच तो साधावा, हा उपदेशहि तितकाच जुना आहे. परंतु ज्या घरांतील कर्ता पुरुष निवर्तला आणि लहान मुलांसह शेतीचें ओझें एकटीच्या शिरावर आलें, त्या घरांतील आईला हा वाद कितपत उपयोगी? तिला संसार सोडण्याची मुभा नाहीं, आणि साधनेस बसण्याची फुरसतहि नाहीं. या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ‘बहिणाबाईंची गाणी’ या पुस्तकांत सांपडतें.

जळगांवनजीक आसोदें येथें १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. वयाच्या तिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. दोन मुलगे व एक मुलगी यांस त्यांनीं शेतांत राबून वाढविलें. काम करतां करतां स्फुरलेलीं त्यांचीं गाणीं त्यांचे पुत्र, कवि सोपानदेव, आणि एक आप्त यांनीं टिपून घेतलीं. डिसेंबर १९५१ मध्यें बहिणाबाई वारल्या. पुढील वर्षीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं गाणीं प्रसिद्ध झालीं.

यांतील चरण सुभाषितांप्रमाणें सुटे काढून मिरविण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस रुचत नाहीं. कष्टांपासून वेगळें काढलें कीं तेंच वचन स्वस्त सांत्वन होऊन बसतें. वैधव्यावरील गीत पाहावें. कुंकू पुसलें गेलें, पण कपाळावरचें गोंदण उरलें. बांगड्या फुटल्या, पण मनगटांतील कर्तृत्व फुटलें नाहीं, असा हिशेब मांडून ती स्त्री शेजारणींस आपली कींव करूं देत नाहीं. हें वैराग्य नव्हे. गेलेल्याचा शोक पुरा करून उरलेल्याकडे वळणें हें आहे, आणि आमच्या मतें येथेंच तिच्या अध्यात्माचा आरंभ होतो.

सुगरणीच्या घरट्याचें गाणें सर्वांस ठाऊक आहे. पक्षिशास्त्र सांगतें कीं, तें घरटें विणतो नर. बहिणाबाईंनीं तें श्रेय मादीस दिलें, हा दोष मानूं नये; ज्या घरीं विणणारे हात आईचेच होते, तेथील दृष्टीला दुसरें काय दिसणार? जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळावयास हात लावतो. बहिणाबाईंच्या जात्याशीं असा सोबती येत नाहीं. येथें देव कष्ट वांटून घेत नाहीं. पेरलेल्या बियाण्याच्या कोंभांतून तो दर्शन देतो, आणि दळण एकटीनेंच संपवावें लागतें. ही भक्ति अधिक एकाकी, म्हणूनच आम्हांस अधिक खरी वाटते.

सर्वच गाणीं सारखीं सरस नाहींत. जेथें मनुष्यजातीस सरळ उपदेश सुरू होतो, तेथें हातांतलें काम सुटतें आणि कवितेचा कसहि उतरतो.

‘मला’ ऐवजीं ‘मले’ म्हणणाऱ्या आमच्या मौद्याकडील वाचकांस ही भाषा परकी वाटत नाहीं. कन्हानकांठच्या बांध्यांत धानाची रोवणी करून सायंकाळीं चूल पेटविणारी एकटी आई त्यांच्याहि पाहण्यांतील आहे. म्हणूनच एक इशारा देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. या गाण्यांच्या आधारें तिच्या कष्टांस तपश्चर्या म्हणून गौरवावें आणि तिला मदत करण्याच्या कर्तव्यांतून आपण सुटावें, हा त्यांचा अर्थ नव्हे. कींव नाकारण्याचा अधिकार तिचा आहे. हात आंखडता घेण्याचा अधिकार त्यामुळें आपल्याला मिळत नाहीं. हा भेद ज्या घरांत कळला, त्या घरांत हें पुस्तक खरोखर वाचलें गेलें, असें आम्ही समजूं.