जोडचित्रातील पुसलेले सांधे

हौशी आकाशनिरीक्षकांनी टिपलेल्या दीर्घिकासमूहांच्या जोडचित्रांची स्तुती पुष्कळ होते, परीक्षण क्वचितच. ही चित्रे वर्गात लावायची तर परीक्षणाची गरज आहे, असे आम्हांस वाटते. चित्र भिंतीवर गेले की विद्यार्थी ते पुरावा म्हणून पाहतो.

उदाहरणादाखल कन्या राशीतील समूहच घेऊ. मोर्शीचा अक्षांश सुमारे २१ अंश आणि समूहातील एम ८७ या प्रचंड दीर्घिकेची क्रांती सुमारे १२ अंश. म्हणजे याम्योत्तर वृत्त ओलांडताना ती खस्वस्तिकापासून जेमतेम ९ अंश दक्षिणेला असते, जवळजवळ डोक्यावर. एप्रिलअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतील विंडेमियाट्रिक्स या ताऱ्यांच्या मधोमध हात ताणून मूठ धरा. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील हजाराहून अधिक दीर्घिका त्या मुठीआड जातात. नुसत्या डोळ्यांना त्यांतली एकही दिसत नाही.

मुठीएवढे आकाश मोठ्या दुर्बिणीच्या एका चौकटीत मावत नाही. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंग आणि ३६ बाय २४ मिलिमीटरचा संवेदक घेतला तर एक चौकट सुमारे ५ अंश रुंद व साडेतीन अंश उंच पडते. शेजारच्या चौकटी पाचव्या हिश्शाने एकमेकींवर चढवून १० अंश लांबीरुंदीचे आकाश झाकायला बारा चौकटी लागतात. प्रत्येकीला दोन तास दिले तर चोवीस तास झाले. चांदणे, उन्हाळी धुरळा आणि ढग वगळता आठ-दहा रात्री सहज जातात. या चिकाटीला दाद द्यायलाच हवी. शिवाय एकेकट्या दीर्घिकेची देखणी छायाचित्रे पाहून दीर्घिका एकाकी असतात असा जो समज होतो, तो या चित्रांनी एका नजरेत दूर होतो. त्यांचे खरे बळ याच रुंदीत आहे.

आमची तक्रार पुढच्या पायरीविषयी आहे. बारा चौकटी वेगवेगळ्या रात्रींच्या, म्हणून प्रत्येकीची पार्श्वभूमी निराळी. मोर्शीहून घेतलेल्या चौकटीत नैर्ऋत्येकडून अमरावतीचा उजेड चढलेला असेल, दुसरीत क्षितिजालगतचा धुरळा. सांधे दिसू नयेत म्हणून संगणकाकडून ही चढउतार सपाट करून घेतात. पण संगणकाला अमरावतीचा उजेड आणि समूहाचा स्वतःचा फिकट उजेड यांत फरक कसा कळावा? दोन्ही सारखेच मंद, सारखेच पसरट. दीर्घिकांच्या ओढाताणीत निखळलेले तारे त्यांच्यामधल्या पोकळीत विखुरलेले असतात. त्यांचा उजेड अंधाऱ्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि पार्श्वभूमीबरोबर तोच आधी पुसला जातो. समूह हा सगळ्या सदस्यांचा मिळून संसार आहे याची ही ठळक खूण, आणि ‘स्वच्छ’ काळ्या चित्रात नेमकी तीच नाहीशी होते.

हा उजेड लहान दुर्बिणीला अप्राप्य आहे असेही नाही. २००५ साली क्रिस मिहोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी किट पीकवरील बरेल श्मिट या सुमारे ०.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने कन्यासमूहाच्या गाभ्यातील या उजेडाचे पट्टे आणि धागे दाखवले. समूहाबरोबर रिकाम्या आकाशाचीही छायाचित्रे घेऊन त्यांनी दुर्बिणीचे दोष मोजले. हौशी मंडळी या रिकाम्या चौकटींना वेळेचा अपव्यय समजतात. आमच्या मते चोवीसपैकी सहा तास तिकडे दिले तर चित्र थोडे फिके पडेल, पण विश्वासार्ह होईल.

अलीकडची दुसरी खोड म्हणजे चित्रातून तारे काढून टाकणे. हे तारे आपल्याच आकाशगंगेतले, समूहाच्या कितीतरी अलीकडचे. ते गेले की चित्रातली खोली दाखवणारी जवळची खूणच जाते. शिवाय काही छोट्या, गोल दीर्घिकाही तारे समजून पुसल्या जातात.

खोली हा तर अशा सर्वच चित्रांचा दुबळा भाग. कन्यासमूहाच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर अरुंधती केश समूह आहे. दोन्ही एका जोडचित्रात आणले तर शेजारी वाटतील. प्रत्यक्षात दुसरा सहापट दूर आहे. पॅलोमारच्या आकाशसर्वेक्षणाच्या काचपट्ट्या तपासून जॉर्ज एबलने १९५८ साली २,७१२ समूहांची यादी केली. तीही गर्दी डोळ्यांनी ओळखूनच, म्हणून त्या समूहांची अंतरे पुढे वर्णपटांवरून पडताळावी लागली. पुण्याच्या आयुकातील जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा महासमूह मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्यात ४३ समूह आहेत. तो सापडला तो मोठ्या सर्वेक्षणातील दीर्घिकांचे ताम्रसरण, म्हणजे पर्यायाने अंतर, हाती होते म्हणून. सुंदर चित्रावरून तो कोणाच्याही लक्षात आला नसता.

तेव्हा शिक्षकांनी असे चित्र मागवताना सोबत एक साधी, न घासलेली चौकट मागावी. तारखा, तास आणि काय काय पुसले तेही लिहून घ्यावे. आणि कोपऱ्यात, चित्राच्याच प्रमाणात, पौर्णिमेच्या चंद्राएवढे वर्तुळ काढून घ्यावे. एम ८४ आणि एम ८६ पासून निघणाऱ्या मार्केरियनच्या साखळीखाली ते तीनदा मांडता येईल.