खडूंचे धर्म

खडू हे पोरांचे साधन. खरे चित्र तैलरंगांत, नाही तर जलरंगांत, असा समज आमच्या रसिकांत फार दिवस ठाण मांडून आहे. प्रदर्शनात खडूचे चित्र दिसले की पुष्कळजण त्यास कच्चा खर्डा मानून पुढे सरकतात. आम्हास हा न्याय मान्य नाही. मुळात सगळ्या खडूंस एकाच मापाने मोजणे हीच पहिली चूक होय.

पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी व तीस धरून ठेवण्यापुरता डिंक. तीत तेल नाही, म्हणून कालांतराने तेल पिवळे पडण्याचे भय नाही. पण रंग कागदावर धुळीसारखा टेकलेला असतो, काचेवाचून त्यास रक्षण नाही. शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने दृष्टी अधू झाल्यावर उतारवयात याच भुकटीचा आश्रय केला. १७७५ साली काढलेले त्याचे झापडधारी आत्मचित्र लूव्र संग्रहालयात आहे. त्यास कच्चा खर्डा कोण म्हणेल?

कॉन्तेचा खडू याहून कठीण. सराने १८८० नंतरच्या दशकात तो खरबरीत कागदावर फिरविला. उंचवट्यांवर काळे बसले, खळग्यांत पांढरे राहिले आणि रेषेवाचून आकृती उभी राहिली. तेथे निम्मे काम कागदानेच केले आहे.

राहता राहिला मेणखडू, सर्वांत उपेक्षित. हेन्री मूरने भाचीच्या करमणुकीसाठी स्वस्त मेणखडूंनी चित्र काढले, तेव्हा मेणावर जलरंग ठरत नाही हा गुण त्याच्या ध्यानी आला. पुढे १९४०-४१ मध्ये, लंडनवर बाँब पडत असता भुयारी स्थानकांत निजलेली माणसे त्याने याच युक्तीने चितारली. काळ्या ओघळांतून उजळणारे ते देह पाहिले म्हणजे पोरखेळाचा आक्षेप आपोआप गळून पडतो.

आमची तक्रार चित्रकारांविरुद्धही आहे. पेस्टल बोटांनी चोळून चोळून तैलचित्राचा भास निर्माण करण्यात कित्येकजण धन्यता मानतात. त्यात रंगाचा ताजेपणा मरतो आणि तेलाची खोलीही हाती लागत नाही. खडूस खडू म्हणून वागविण्याचे धैर्य चित्रकारांनी दाखवावे, आणि वाचकांनी पुढील प्रदर्शनात अशा चित्रापाशी क्षणभर अधिक थांबावे, एवढीच आमची विनंती.